रुग्ण, वैद्य आणि कायदा : औरंगाबादच्या एका खटल्याचा अभ्यास

(तृतीय वर्ष कला, राज्यशास्त्र)

आजारी माणूस डॉक्टरांच्या दारात जातो तेव्हा तो आपला सारा जीव त्यांच्या हाती सोपवतो. वकील निवडताना आपण चार ठिकाणी चौकशी करतो, बैल विकत घेताना त्याचे दात मोजतो. परंतु दवाखान्यात गेल्यावर मात्र आपण एकही प्रश्न विचारत नाही. वैद्याला देव मानण्याची आपली जुनी रीत आहे. ती रीत वाईट आहे असे मी म्हणणार नाही. पण देवाला जाब विचारता येत नाही आणि माणसाला विचारता येतो, एवढा फरक लक्षात ठेवला पाहिजे, असे मला अलीकडे वाटू लागले आहे. त्याचे कारण घरातलेच आहे.

तीन वर्षांपूर्वी माझ्या काकूंच्या पोटात दुखू लागले. तालुक्याच्या गावी एका खाजगी दवाखान्यात नेले. ‘पिशवी काढावी लागेल’ असे सांगण्यात आले आणि दुसऱ्याच दिवशी शस्त्रक्रिया झाली. कागदावर सही काकांनी केली. त्या कागदावर काय लिहिले होते ते काकांनी वाचले नाही आणि कोणी वाचूनही दाखवले नाही. काकूंना तर कोणी विचारलेच नाही. सहाव्या दिवशी ताप भरला, टाके चिघळले. पुन्हा जीपगाडी करून मोठ्या शहरात नेले, तेथे दुसरी शस्त्रक्रिया झाली आणि काकू वाचल्या. पण दोन एकर रान गहाण पडले आणि काकूंच्याने पूर्वीसारखे शेतातले काम होईनासे झाले. भावकीतली तरुण मुले पहिल्या दवाखान्यावर चालून जाणार होती. माझ्या वडिलांनी त्यांना वेशीतून परत आणले. नंतर वडील केसपेपर मागायला गेले, तेव्हा ‘कागद मिळत नसतात’ एवढेच उत्तर मिळाले. वडील परत आले. काकू म्हणाल्या, “जाऊ द्या भाऊजी, नशिबात होतं ते झालं.”

नशिबात होते की कोणाच्या हयगयीने झाले, हा प्रश्न तेव्हापासून माझ्या मनात घर करून बसला. यंदा राज्यशास्त्राच्या तासाला मूलभूत हक्कांवर चर्चा चालू असताना मी तो सरांना विचारला. सर म्हणाले, “उत्तर मी देणार नाही. तू खटले वाच.” आणि त्यांनी एका निकालपत्राची प्रत काढून दिली. तो खटला होता आपल्याच भागातला, औरंगाबादचा. प्रस्तुत लेख हा त्या वाचनाचा परिपाक आहे. मी कायद्याचा विद्यार्थी नाही; तेव्हा उणिवा असल्यास जाणकारांनी पदरात घ्याव्यात.

खटल्याची हकीकत

ही गोष्ट १९६३ सालची. त्या वेळी आपला जालना जिल्हा अस्तित्वात नव्हता. १ मे १९८१ रोजी तो झाला. तोपर्यंत जालना हा औरंगाबाद जिल्ह्याचाच तालुका होता आणि मोठा आजार म्हटला की लोक औरंगाबादची वाट धरत. ते शहर आज छत्रपती संभाजीनगर या नावाने ओळखले जाते, पण वाट तीच आहे.

औरंगाबादेत वैद्यकीय महाविद्यालयाला जोडलेल्या सरकारी रुग्णालयात दि. १० जुलै १९६३ रोजी एक महिला बाळंतपणासाठी दाखल झाली. त्याच दिवशी तिला मुलगा झाला. मूल होऊ न देण्याची शस्त्रक्रिया करून घ्यावी असे तिने आधीच ठरवले होते. त्याप्रमाणे दि. १३ जुलैला ती शस्त्रक्रिया झाली. शस्त्रक्रिया साधी. पण लगेचच तिला भयंकर ताप भरला आणि पोटात असह्य वेदना सुरू झाल्या. दि. १५ जुलैला पतीने धावपळ करून रुग्णालयातील दुसऱ्या एका नामांकित शल्यविशारदाला तिला तपासायला लावले. पोट पुन्हा उघडून पाहावे असे त्यांनी सुचवले, असे पतीचे म्हणणे होते. ते मानले गेले नाही. चार दिवस गेले. दि. १९ जुलैला त्याच शल्यविशारदांना पुन्हा बोलावण्यात आले. त्यांनी पोट उघडले, तेव्हा आत पहिल्या शस्त्रक्रियेच्या वेळी राहून गेलेला कापडाचा बोळा सापडला. पोटात पू साचला होता. तो काढून टाकला, पण उशीर झाला होता. दि. २४ जुलै १९६३ रोजी ती महिला वारली. मागे पती, मुले आणि दोन आठवड्यांचे तान्हे बाळ राहिले.

पतीने आणि मुलांनी नुकसानभरपाईचा दावा लावला. खालच्या न्यायालयाने ३६ हजार रुपयांचा हुकूमनामा दिला. त्यावर अपील झाले आणि उच्च न्यायालयाने तो निकाल फिरवला. सरकारी रुग्णालय चालवणे हे राज्याचे सार्वभौम कार्य आहे, सबब त्यात झालेल्या चुकीसाठी राज्याला पैसे भरायला लावता येणार नाहीत, असा एक मुद्दा त्यामागे होता. सार्वभौम कार्य म्हणजे जे केवळ राज्यच करू शकते असे काम. सैन्य बाळगणे, युद्ध करणे, न्यायनिवाडा करणे ही त्याची उदाहरणे. राज्यशास्त्राच्या विद्यार्थ्याला हा शब्द पुस्तकातून ठाऊक असतो; पण त्या शब्दाने एखाद्या घराचा दावा बुडू शकतो, हे मला हा खटला वाचेपर्यंत कळले नव्हते.

कुटुंबाने हार मानली नाही. सर्वोच्च न्यायालयात अपील झाले आणि दि. २० फेब्रुवारी १९९६ रोजी ‘अच्युतराव हरिभाऊ खोडवा विरुद्ध महाराष्ट्र राज्य’ या नावाने त्याचा निकाल लागला. न्यायालयाने सांगितले की जेथे सर्वसामान्य माणूस उपचारासाठी येतो असे रुग्णालय चालवणे हे सार्वभौम कार्य नव्हे. रुग्णालय खाजगी माणूसही चालवतो. तेव्हा तेच काम सरकारने केले म्हणून सरकार जबाबदारीतून सुटत नाही. नोकराच्या हातून कामावर असताना चूक झाली तर धनी जबाबदार, हा नियम सरकारलाही लागू आहे. नेमक्या कोणत्या डॉक्टरच्या हातून बोळा राहिला याचा वाद बाजूला ठेवला, तरी मृत्यू रुग्णालयातील हयगयीमुळे झाला एवढे ठरल्यावर राज्य भरपाई देण्यास बांधील आहे. खालच्या न्यायालयाचा हुकूमनामा पुन्हा कायम झाला.

वाचकहो, हिशोब करून पाहा. १९६३ ते १९९६. दि. १० जुलैला जन्मलेले ते बाळ निकालाच्या दिवशी बत्तीस वर्षांचे झालेले असणार. ३६ हजार रुपयांची १९६३ साली काय किंमत होती आणि १९९६ साली काय उरली, हे अर्थशास्त्राच्या मित्रांनी सांगावे. न्याय मिळाला हे खरे. पण उशिरा मिळालेल्या न्यायाचे मोल किती कमी होते, तेही याच खटल्यात दिसते.

निष्काळजीपणा म्हणजे नेमके काय?

येथे सर्वांत मोठा गैरसमज आहे. रोगी दगावला म्हणजे डॉक्टर दोषी, असे आपण समजतो. कायदा तसे समजत नाही. उपचार करूनही रोग बरा झाला नाही, किंवा अनेक रुग्णांत एखाद्याला होतो तसा अपाय झाला, तर तेवढ्यावरून निष्काळजीपणा ठरत नाही. निष्काळजीपणा ठरण्यास तीन गोष्टी सिद्ध व्हाव्या लागतात. पहिली, डॉक्टरवर त्या रुग्णाची काळजी घेण्याचे कर्तव्य होते. दुसरी, त्या कर्तव्यात कसूर झाली. तिसरी, त्याच कसुरीमुळे रुग्णाचे नुकसान झाले. यातली एक जरी कडी तुटली तरी दावा टिकत नाही.

कर्तव्य कोणते, हे सांगणारा पहिला महत्त्वाचा निकालही महाराष्ट्रातलाच आहे. १९५३ सालच्या मे महिन्यात रत्नागिरी जिल्ह्यातील पालशेतच्या समुद्रकिनारी वीस वर्षांच्या एका तरुणाच्या मांडीचे हाड मोडले. त्याला मोटारीने पुण्याला आणून एका खाजगी रुग्णालयात दाखल केले. तेथे पुरती भूल न देता पाय जोर लावून ओढून बसवण्यात आला आणि त्याच दिवशी रात्री तो मुलगा गेला. त्याचे वडील स्वतः डॉक्टर होते. त्यांनी दावा केला, आणि तीन हजार रुपयांच्या भरपाईचा निकाल सर्वोच्च न्यायालयाने दि. २ मे १९६८ रोजी कायम केला. ‘जोशी विरुद्ध गोडबोले’ म्हणून हा खटला कायद्याच्या पुस्तकांत आजही शिकवला जातो. त्यात न्यायालयाने डॉक्टरची तीन कर्तव्ये सांगितली. हा रुग्ण आपण हाती घ्यावा की नाही हे काळजीपूर्वक ठरवणे, कोणता उपचार द्यावा हे काळजीपूर्वक ठरवणे, आणि तो उपचार देताना काळजी घेणे. काळजी किती, तर फार थोर तज्ज्ञाइतकीही नव्हे आणि अगदी कमीही नव्हे. त्या व्यवसायातला सरासरी जाणता माणूस जेवढी घेईल तेवढी.

आता प्रश्न असा की कसूर झाली हे अडाणी रुग्णाने सिद्ध कसे करावे? शस्त्रक्रियेच्या वेळी तो स्वतः बेशुद्ध असतो आणि नातेवाईक दाराबाहेर. साधारणपणे त्या विषयातील दुसऱ्या डॉक्टरची साक्ष लागते. परंतु काही प्रसंग असे असतात की तेथे घडलेली गोष्टच स्वतः बोलते. पोटात कापडाचा बोळा राहिला तर तो कोणाच्या हयगयीवाचून राहणार नाही, हे कळायला शल्यविशारद असावे लागत नाही. औरंगाबादच्या खटल्यात न्यायालयाने हेच तत्त्व लावले. पुढे २०१० साली व्ही. किशन राव यांच्या खटल्यात, प्रत्येक वैद्यकीय तक्रारीत तज्ज्ञाचे मत घेतलेच पाहिजे असे नाही, असेही सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले. मात्र जेथे रोग गुंतागुंतीचा असेल तेथे तज्ज्ञाच्या मताशिवाय चालत नाही, हेही तितकेच खरे.

दुसरी बाजू

लेख एकांगी होऊ नये म्हणून डॉक्टरांची बाजूही मांडतो. औरंगाबादच्याच निकालपत्रात न्यायालयाने म्हटले आहे की सर्व डॉक्टरांचे कौशल्य सारखे नसते आणि एका रोगावर एकाहून अधिक उपचार असू शकतात. डॉक्टरने आपल्या शक्तीनुसार आणि योग्य काळजीने काम केले असेल, तर केवळ त्याने दुसरी पद्धत निवडली म्हणून त्याला दोषी ठरवण्याची घाई न्यायालयाने करू नये. इंग्लंडमध्ये १९५७ साली बोलम खटल्यात हाच विचार मांडला गेला होता आणि आपल्याकडील न्यायालयांनी तो बहुतांशी स्वीकारला आहे.

फौजदारी गुन्ह्याची बाब आणखी निराळी. भरपाईसाठी जेवढी हयगय पुरते तेवढी डॉक्टरला तुरुंगात पाठवण्यास पुरत नाही. दि. ५ ऑगस्ट २००५ रोजी जेकब मॅथ्यू खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ठरवले की फौजदारी गुन्ह्यासाठी हयगय घोर स्वरूपाची असली पाहिजे. पोलिसांनी त्या शाखेतील त्रयस्थ डॉक्टरचे, शक्यतो सरकारी डॉक्टरचे, मत घेतल्याशिवाय कारवाई पुढे नेऊ नये, आणि केवळ फिर्याद आली म्हणून डॉक्टरला सरसकट अटक करू नये, असेही त्यात सांगितले आहे. जुन्या भारतीय दंड संहितेचे कलम ३०४-अ आता राहिले नाही. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेचे कलम १०६ लागू आहे. त्यात नोंदणीकृत डॉक्टरला उपचार करताना झालेल्या हयगयीच्या मृत्यूबद्दल दोन वर्षांपर्यंत शिक्षा सांगितली आहे.

आणि दवाखाना फोडणे? त्याने गेलेला माणूस परत येत नाही, उलट आपणच आरोपी होतो. महाराष्ट्रात २०१० सालापासून डॉक्टरांवरील व दवाखान्यांवरील हिंसेविरुद्ध स्वतंत्र कायदा आहे. शिवाय त्या गोंधळात जे कागद पुरावा म्हणून उपयोगी पडले असते तेही फाटून जातात. माझ्या वडिलांनी त्या दिवशी भावकीतल्या पोरांना वेशीतून परत आणले, त्याचे मोल मला आता कळते.

रुग्णाचे हक्क

हक्क ठाऊक नसेल तर तो असून नसल्यासारखा. म्हणून माझ्या अभ्यासात आलेले ठळक हक्क येथे देतो.

पहिला हक्क तातडीच्या उपचाराचा. अपघात झालेल्या माणसाला ‘आधी पोलिसांत नोंद करा, मग आणा’ असे सांगून परत पाठवण्याची वाईट प्रथा होती. दि. २८ ऑगस्ट १९८९ रोजी परमानंद कटारा खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की जीव वाचवणे हे प्रत्येक डॉक्टरचे, मग तो सरकारी असो वा खाजगी, पहिले कर्तव्य आहे; पोलिसी सोपस्कार मागून व्हावेत. आपल्या जिल्ह्यातून समृद्धी महामार्ग जातो, अंबड आणि मंठ्याच्या रस्त्यांवर रात्रंदिवस वाहने धावतात. हा निकाल आपल्यापैकी प्रत्येकाला पाठ असायला हवा.

दुसरा हक्क समजून देऊन घेतलेल्या संमतीचा. दि. १६ जानेवारी २००८ रोजी निकाल लागलेला समीरा कोहली खटला मी वाचला तेव्हा मला काकूंचीच आठवण झाली. दिल्लीतील एक महिला तपासणीसाठी रुग्णालयात गेली होती. ती भुलेखाली असताना डॉक्टरांनी बाहेर बसलेल्या तिच्या आईची संमती घेतली आणि तिचे गर्भाशय व बीजकोश काढून टाकले. न्यायालयाने सांगितले की रुग्ण सज्ञान आहे, भूल उतरल्यावर तिला विचारता आले असते. तातडीने जीवाला धोका नसताना आईची संमती चालणार नाही. तपासणीला दिलेली संमती म्हणजे शस्त्रक्रियेला दिलेली संमती नव्हे. उपचार काय आहे, तो कशासाठी, त्याचा फायदा काय, धोका काय, दुसरा मार्ग आहे काय आणि उपचार न केल्यास काय होईल, हे रुग्णाला समजेल असे सांगितले पाहिजे. त्या महिलेला २५ हजार रुपये भरपाई मिळाली आणि डॉक्टरांना शस्त्रक्रियेची फी नाकारण्यात आली.

आपल्याकडे बाईच्या शस्त्रक्रियेला नवऱ्याची सही पुरते अशी समजूत आहे. ती चूक आहे. शुद्धीवर असलेल्या सज्ञान बाईच्या शरीराबद्दलची संमती तिचीच हवी. आमच्या घरी हे कोणालाच ठाऊक नव्हते, आणि सही करताना काकांच्याही मनात काही वावगे नव्हते.

तिसरा हक्क कागदांचा, आणि माझ्या मते हा सर्वांत महत्त्वाचा. भारतीय वैद्यक परिषदेच्या २००२ सालच्या आचारनियमांप्रमाणे डॉक्टरने दाखल रुग्णाची कागदपत्रे उपचार सुरू झाल्यापासून तीन वर्षे जपली पाहिजेत, आणि रुग्णाने अथवा त्याच्या अधिकृत माणसाने मागणी केल्यास ७२ तासांच्या आत दिली पाहिजेत. त्याआधी १९९६ सालीच मुंबई उच्च न्यायालयानेही रुग्णाला कागद नाकारता येणार नाहीत असा निकाल दिला होता. म्हणजे ‘कागद मिळत नसतात’ हे आम्हाला मिळालेले उत्तर कायद्याला धरून नव्हते. मात्र आम्हीही तोंडीच मागितले होते. अर्ज लेखी द्यावा, त्याच्या दुसऱ्या प्रतीवर पोच घ्यावी. पोच देत नसतील तर रजिस्टर टपालाने पाठवावा. एवढे केले असते तर निदान आम्ही मागितले होते याचा पुरावा राहिला असता.

चौथा हक्क माहितीचा. खाजगी शुश्रूषागृहांच्या नोंदणीसाठी महाराष्ट्रात १९४९ सालचा कायदा आहे. त्याखालील नियमांत २०२१ साली सुधारणा झाली आणि रुग्णहक्कांची सनद व दरपत्रक दर्शनी भागात लावणे बंधनकारक झाले. दवाखान्यात गेल्यावर आपण भिंतीवरची देवाची तसबीर पाहतो. तिच्या शेजारी ही सनद आहे काय, तेही पाहावे.

दाद कोठे मागावी?

मार्ग एकच नाही, आणि प्रत्येक मार्गाने मिळणारी गोष्ट वेगळी आहे. नुकसानभरपाई हवी असेल तर ग्राहक आयोग किंवा दिवाणी न्यायालय. डॉक्टरच्या वर्तनाबद्दल व्यावसायिक कारवाई हवी असेल तर ॲलोपॅथीच्या डॉक्टरांसाठी महाराष्ट्र वैद्यक परिषद. ती डॉक्टरची नोंदणी काही काळ थांबवू शकते, पण पैसे देववू शकत नाही. घोर हयगयीने मृत्यू झाला असेल तर पोलिसांत फिर्याद.

यापैकी सामान्य माणसाला ग्राहक आयोग जवळचा. ग्राहक संरक्षण कायदा १९८६ साली झाला. पण डॉक्टर हा दुकानदार नव्हे, तेव्हा रुग्ण ग्राहक कसा, असा वाद बरीच वर्षे चालला. दि. १३ नोव्हेंबर १९९५ रोजी इंडियन मेडिकल असोसिएशन विरुद्ध व्ही. पी. शांता या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने तो मिटवला. पैसे घेऊन दिलेला उपचार ही या कायद्याखालची सेवा आहे. जेथे काहींकडून पैसे घेतात आणि गरिबांना फुकट तपासतात, तेथील फुकट उपचार घेणारा रुग्णही ग्राहकच. मात्र जेथे सर्वांनाच सर्व सेवा मोफत मिळते, तेथे हा कायदा लागत नाही. पुढे २०१९ साली नवा ग्राहक कायदा आला व २० जुलै २०२० पासून अमलात आला. त्यात आरोग्यसेवेचा स्पष्ट उल्लेख नाही म्हणून पुन्हा शंका निघाली, ती मुंबई उच्च न्यायालयाने २०२१ साली व सर्वोच्च न्यायालयाने २०२२ साली फेटाळली.

जालन्याला जिल्हा ग्राहक तक्रार निवारण आयोग आहे. सेवेसाठी दिलेली रक्कम ५० लाख रुपयांपर्यंत असेल तर तक्रार जिल्हा आयोगाकडे करता येते. ती रक्कम ५ लाखांपर्यंत असेल तर तक्रारीला शुल्क नाही. वकील लावलाच पाहिजे असेही नाही. परंतु मुदत दोन वर्षांची आहे. सबळ कारण दाखवल्यास उशीर माफ होऊ शकतो, पण त्यावर विसंबू नये.

मग पूर्णतः मोफत चालणाऱ्या सरकारी रुग्णालयात हयगय झाली तर? तेथे दिवाणी दाव्याचा मार्ग खुला आहे आणि तो खुला ठेवण्याचे श्रेय औरंगाबादच्या त्या कुटुंबाला आहे. सरकार सार्वभौम म्हणून सुटले असते, तर ज्यांना खाजगी दवाखाना परवडत नाही, त्याच गरिबांना दाद उरली नसती. दाव्याचा खर्च झेपत नसेल तर १९८७ सालच्या कायद्याखाली जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत वकील मिळतो. स्त्रिया, मुले, अनुसूचित जाती व जमाती यांना त्यासाठी उत्पन्नाची अटही नाही. माझ्या वर्गातील किती जणांच्या घरी हे ठाऊक आहे, असे मी विचारून पाहिले. दोन हात वर झाले.

समारोप

इतके वाचून झाल्यावर मी मूळ प्रश्नाकडे वळलो. काकूंच्या बाबतीत हयगय झाली होती काय? वाचकांना वाटेल की मी आता ‘होय’ म्हणेन. पण वर सांगितलेल्या तीन कड्या लावून पाहिल्या तेव्हा मला प्रामाणिकपणे ते म्हणता आले नाही. शस्त्रक्रियेनंतर जखम चिघळणे हे कधीकधी सर्व काळजी घेऊनही घडते. पोटात काही राहिले होते काय, औषध वेळेवर दिले होते काय, पिशवी काढण्याची खरोखर गरज होती काय, हे सांगणारे कागद आमच्याजवळ नाहीत. आमच्याजवळ आहे ते एक डिस्चार्ज कार्ड आणि औषधांच्या काही पावत्या. संमतीच्या बाबतीत मात्र चूक झाली होती, एवढे मी ठामपणे म्हणू शकतो. पण तक्रारीची दोन वर्षे आम्हाला हक्क ठाऊक नसतानाच निघून गेली. ज्या डॉक्टरांचा आम्ही इतका राग केला ते कदाचित निर्दोषही असतील. कागद मिळाले असते तर तेही कळले असते. कागद दडवल्याने रुग्णाचे नुकसान होते, तसेच चांगल्या डॉक्टरचेही होते, हा या अभ्यासातून मला मिळालेला धडा आहे.

दिवाळीच्या सुटीत गावी गेलो तेव्हा हा लेख मी काकूंना वाचून दाखवला. औरंगाबादच्या त्या बाईचा भाग आला तेव्हा त्यांनी हातातले निवडायचे तांदूळ बाजूला ठेवले आणि विचारले, “मग तिच्या तान्ह्या लेकराचं काय झालं रे?” निकालपत्रात त्याचे उत्तर नाही. मी तसे सांगितले. बराच वेळ त्या गप्प होत्या. मग म्हणाल्या, “माझं नाव घालू नको. त्या डॉक्टरचंही घालू नको. पण कागद मागायचं असतं, हे मात्र मोठ्या अक्षरात लिही.”

मोठ्या अक्षरात छापणे संपादकांच्या हाती आहे. माझ्या हाती आहे ते मी करतो. मित्रमैत्रिणींनो, आपल्यापैकी बहुतेक जण घरातले पहिलेच शिकलेले आहोत. उद्या घरातले कोणी आजारी पडले तर दवाखान्यात सोबत आपल्यालाच जावे लागणार. त्या वेळी तीन गोष्टी करा. सही करण्यापूर्वी कागद वाचा आणि रुग्णाला वाचून दाखवा. उपचार काय, कशासाठी आणि धोका काय, हे डॉक्टरांना नम्रपणे विचारा. आणि घरी निघताना सर्व कागदांची प्रत लेखी अर्ज देऊन मागा. यात डॉक्टरांचा अवमान नाही. जो डॉक्टर काळजीने काम करतो, त्याला या तीन प्रश्नांची भीती वाटण्याचे कारण नाही.